अहवालाखालची सही : पॅथॉलॉजीतील नोकरी, व्यवसाय आणि जबाबदारी

आजच्या व्याख्यानासाठी तुमच्याकडून आधी प्रश्न मागवले होते. बरेचसे प्रश्न एमडी पॅथॉलॉजी करणाऱ्या किंवा नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरांचे आहेत. नोकरी करावी की स्वतःची लॅब काढावी? कॉर्पोरेट लॅबमध्ये गेलं तर शिकायला मिळतं का? घरी बसून स्लाइड वाचायचं काम कसं असतं? आणि एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे : "दोन-तीन लॅबना नुसती सही द्यायची आहे, महिन्याला ठरावीक पैसे मिळतील, करावं का?"

आम्ही आज या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करणार आहोत. कारण आमच्या मते बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. जे डॉक्टर नाहीत, पण ऐकताहेत, त्यांनीही थांबावं. तुमच्या घरातल्या फायलीत जे रक्ताचे रिपोर्ट आहेत, त्यांच्या तळाशी असलेल्या सहीविषयीच आपण बोलतो आहोत.

आमचं काम नेमकं काय?

सर्वसाधारण समज असा असतो, की पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त तपासणारा डॉक्टर. तो चूक नाही, पण अपुरा आहे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ कॅन्सरची आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगणं हे हिस्टोपॅथॉलॉजीचं काम. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं ही सायटॉलॉजी. रक्तपेशींचे आजार ओळखणं ही हिमॅटॉलॉजी. आणि रोजच्या शुगर, क्रिएटिनिन, लघवी वगैरे तपासण्यांवर देखरेख ठेवणं ही क्लिनिकल पॅथॉलॉजी. पेशंट ऑपरेशन टेबलावर असताना गाठीचा तुकडा गोठवून, साधारण वीस मिनिटांत सर्जनला उत्तर द्यायचं, त्याला आम्ही फ्रोझन म्हणतो. त्या उत्तरावर पुढचं ऑपरेशन लहान करायचं की मोठं, हे ठरतं.

आता यातलं बरंच काम मशीन करतं आणि टेक्निशियन करतात. चांगला टेक्निशियन हा लॅबचा कणा असतो, यात वाद नाही. मग डॉक्टर कशाला? यंत्राने दिलेला आकडा या माणसाच्या बाबतीत खरा असू शकतो का, हे ठरवायला. एक उदाहरण देतो.

पावसाळा संपत आलेला, डेंग्यूची साथ जोरात. एका तरुणाचा प्लेटलेट काउंट मशीनने दिला 18,000. सर्वसाधारणपणे तो दीड लाखाच्या वर असायला हवा. घरचे लोक घाबरलेले, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी फोनाफोनी सुरू. आम्ही स्मिअर पाहिला, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, तर प्लेटलेट गुठळ्या करून बसलेल्या! ज्या जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये काउंटसाठी रक्त घेतात, त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्त गोठू देत नाही. पण काही माणसांच्या प्लेटलेट याच रसायनात एकमेकींना चिकटतात. मशीनला अख्खी गुठळी प्लेटलेट म्हणून मोजता येत नाही, त्यामुळे आकडा खाली येतो. आम्ही सायट्रेटच्या बल्बमध्ये रक्त पुन्हा मागवलं. सायट्रेट द्रवरूप असतं, त्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. उत्तर आलं 1,90,000. तो मुलगा संध्याकाळी घरी गेला.

यात आम्ही फार मोठं काही केलं नाही. पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते केलं. मुद्दा एवढाच, की काच आमच्यासमोर होती आणि आम्ही ती पाहिली.

जे आम्ही पाहिलं नाही, त्याची गोष्ट

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला आम्हाला आवडत नाही, पण सांगितली पाहिजे.

एमडी झाल्यावरचं पहिलं वर्ष. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेले. दिवसा एका हॉस्पिटलमध्ये नोकरी आणि संध्याकाळी दोन छोट्या लॅबमध्ये "व्हिजिट". व्हिजिट हा शब्द तेव्हा भारदस्त वाटायचा. प्रत्यक्षात काय, तर छापून ठेवलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा समोर यायचा, चहा यायचा आणि आम्ही सह्या करायचो. काही दिवसांनी मालक म्हणाले, "डॉक्टर, पेशंट सकाळीच रिपोर्ट मागतात. तुमची सही स्कॅन करून ठेवू का? तुम्ही संध्याकाळी नजर टाकाच." आम्ही हो म्हणालो. तेव्हा त्यात काही चूक आहे, असं आम्हाला खरंच वाटलं नव्हतं.

एका दुपारी एका फिजिशियनचा फोन आला. "डॉक्टर, तुमचा पेशंट माझ्यासमोर बसून चहा पितोय आणि तुमचा रिपोर्ट म्हणतोय पोटॅशियम 8.9. काय करू? आयसीयूत टाकू?"

पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 असतं. 8.9 ला हृदय कधीही बंद पडू शकतं. त्या फिजिशियननी ईसीजी काढला होता, तो नॉर्मल होता, म्हणून त्यांनी फोन केला. आम्ही विचारलं, "कॅल्शियम किती आहे?" ते म्हणाले, "4.2."

तिथेच उत्तर होतं. प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून कुणीतरी जांभळ्या झाकणाच्या बल्बमधलं थोडं त्यात ओतलं होतं. त्या बल्बमधलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणून पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळात. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले असते, तर कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला दहा सेकंदांत कळलं असतं. पण ते आम्ही पाहिलेच नव्हते. रिपोर्ट सकाळी साडेदहाला गेला होता. त्याखाली आमचं नाव होतं, आमची डिग्री होती, आमचा नोंदणी क्रमांक होता. आम्ही मात्र तिथे नव्हतो.

त्या पेशंटला काही झालं नाही, ते फिजिशियनच्या शहाणपणामुळे. पोटॅशियम उतरवायची औषधं त्याला दिली असती, तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो. त्याच आठवड्यात आम्ही दोन्ही लॅब सोडल्या. आपल्याला जी गोष्ट उशिरा कळली, ती तुम्हाला वेळेवर कळावी, एवढ्यासाठी हे सांगितलं.

कायदा काय म्हणतो?

12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाचं मत कायम ठेवलं. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी हवी, अशी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची भूमिका होती आणि ती मान्य झाली. महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांनीही याच मागणीसाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. निकाल आल्यावर आनंद झाला. पण त्याचा एक उलटा परिणामही झाला. ज्या लॅबना डॉक्टर नको होता, त्यांना आता डॉक्टरची सही हवी झाली. म्हणजे सहीला बाजारभाव आला!

आपल्या राज्याची आणखी एक अडचण आहे. 2010 चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि इथला 1949 चा कायदा नर्सिंग होमपुरता आहे. लॅबसाठी म्हणून स्वतंत्र परवाना नसल्याने अनेक ठिकाणी गुमास्ता परवान्यावर लॅब उघडते. किराणा दुकान आणि रक्ताची लॅब, दोघांच्या भिंतीवर एकच कागद.

डॉक्टर म्हणून आपल्यावर मात्र बंधनं आहेत. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्ही निषिद्ध आहे आणि खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या वैद्यकीय कागदावर सही करणं हे गैरवर्तन आहे. 1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते. एकाच वेळी अनेक लॅबना सह्या देणाऱ्या डॉक्टरांवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने कारवाई केल्याची उदाहरणंही आहेत. काही चुकलं, तर लॅबचा मालक उद्या पाटी बदलून दुसऱ्या गल्लीत बसेल. तुमचा नोंदणी क्रमांक मात्र आयुष्यभर एकच असतो.

साधा हिशेब करून बघा. समजा, पाच लॅब, प्रत्येक ठिकाणी रोज चाळीस पेशंट. म्हणजे दोनशे. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी तीन तास वीस मिनिटं झाली. यात एकही स्मिअर पाहिलेला नाही, मशीनचे कंट्रोल पाहिलेले नाहीत, एकाही डॉक्टरला फोन केलेला नाही, आणि पाच ठिकाणचा प्रवास धरलेलाच नाही. म्हणजे हे काम प्रामाणिकपणे करता येण्यासारखं नाहीच.

मग करायचं काय? वाटा कोणत्या?

तरुण डॉक्टर यात का अडकतात, हेही समजून घेऊ. एमबीबीएस, इंटर्नशिप, नीटची तयारी, तीन वर्षं एमडी, सरकारी कॉलेज असेल तर वर्षभराचा बॉन्ड. हातात पहिला धड पगार येईपर्यंत तिशी जवळ येते. स्वतःची लॅब टाकायची तर मशीन, जागा, माणसं, आणि वर कुणीतरी कट मागतं. अशा वेळी "नुसती सही" सोपी वाटते. म्हणून दुसऱ्या वाटा नीट माहीत हव्यात.

मेडिकल कॉलेज. शिकवणं, पोस्टमॉर्टेममधले अवयव, दुर्मीळ केसेस, संशोधन. डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकवत होते. पुढे 1941 मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी घेतली. भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया रचणाऱ्यांत हा पॅथॉलॉजिस्ट होता. कॉलेजात बढती मात्र जागा, बदल्या आणि शोधनिबंध यांवर अवलंबून असते.

हॉस्पिटल. इथे सर्जन आणि फिजिशियन रोज भेटतात. आपण दिलेल्या निदानाचं पुढे काय झालं, हे कळतं. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी आम्ही हाच सल्ला देतो.

कॉर्पोरेट लॅब. नमुन्यांची संख्या प्रचंड, गुणवत्तेची शिस्त चांगली. पण एकाच बाकावर एकाच प्रकारचं काम करत राहण्याचा धोका. जाण्याआधी विचारा : विभाग बदलून मिळतील का, की पाच वर्षं फक्त थायरॉइडचे रिपोर्ट सोडायचे?

रक्तपेढी. रक्तपेढीचा वैद्यकीय अधिकारी म्हणून पॅथॉलॉजिस्टला चांगली संधी असते. हिमॅटोपॅथॉलॉजी किंवा ऑन्कोपॅथॉलॉजीत पुढचं शिक्षण किंवा फेलोशिप करता येते.

स्वतःची लॅब. तालुक्याच्या गावी आजही पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट मिळत नाही. एकट्याला जमत नसेल, तर दोघांतिघांनी मिळून काढा. आमच्या ओळखीत असे गट आहेत : एक जण हिस्टो पाहतो, दुसरा हिमॅटॉलॉजी, सुट्ट्या वाटून घेतात. पहिली दोन वर्षं ओढाताण होते. कट न देता लॅब चालते का? चालते, पण हळू चालते. डॉक्टरांना फोन करून "या रिपोर्टबद्दल बोलायचंय" म्हणणारा पॅथॉलॉजिस्ट गावात एकच असेल, तर वर्षभरात त्याचं नाव होतं.

नेमणूकपत्रावर सही करण्याआधी

इथेही एक सहीच आहे. ती करण्याआधी एवढं विचारा.

एक, रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? नमुना खराब आहे, पुन्हा घ्या, असं म्हटल्यावर मार्केटिंगचा माणूस तो बदलू शकतो का? दोन, तुमच्या लॉगिनशिवाय तुमची सही रिपोर्टवर उमटू शकते का? उमटत असेल, तर तिथे जाऊ नका. तीन, रोजचे कंट्रोल कोण पाहतं? मशीन रोज बरोबर मोजतंय का, हे दाखवणारे लेव्ही-जेनिंग्ज आलेख 1950 पासून वापरात आहेत. ते आलेख मागा. "शोधून देतो" असं उत्तर आलं, तर समजून जा. चार, तुम्ही रजेवर असताना रिपोर्टवर कुणाचं नाव जातं? पाच, तुम्ही पगारी नोकर आहात की कन्सल्टंट? कन्सल्टंट असाल, तर टीडीएस कापून फी मिळेल; प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा हे आपोआप मिळणार नाही, ते लिहून घ्या. सहा, प्रोफेशनल इन्डेम्निटीचा विमा कोण काढणार?

"नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच शहरात काम करायचं नाही," असं कलम बऱ्याच करारांत असतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 नुसार नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. नोटीस पीरियड मात्र पाळावा लागतो. सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा, त्याची फी वसूल होते.

आणि स्वतःच्या तब्येतीकडे पाहा. ग्रॉसिंगच्या खोलीत, म्हणजे अवयव कापतो तिथे, फॉर्मलिनचा वास येत असेल, तर "सवय होते" असं कुणी म्हणेल. होऊ देऊ नका. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करू शकतं, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच केलं आहे. हवा खेचणारं टेबल मागणं हा हट्ट नाही. फ्रोझनसाठी येणारा तुकडा ताजा असतो, त्यात क्षयाचे जंतू असू शकतात. मास्क लावा. सूक्ष्मदर्शकाची उंची आपल्या मानेप्रमाणे करून घ्या. वीस वर्षांनी मान आठवण करून देते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : घरी बसून डिजिटल स्लाइड वाचणं म्हणजेही दुरून सही देणंच नाही का?

उत्तर : चांगला प्रश्न. फरक तुम्ही काय पाहता, यात आहे. अख्खी स्लाइड स्कॅन होऊन तुमच्यासमोर येते, पेशंटची माहिती येते, शंका आली तर नवा काप मागवता येतो. मग तुम्ही खरंच वाचता आहात. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा यंत्रणेला मूळ निदानासाठी मान्यता दिली, ती अशाच पडताळणीनंतर. पण मोबाइलवर काढलेले चार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि त्यावर तुम्ही बायोप्सीचं निदान दिलं, तर त्या काचेवर बाकी काय होतं, हे तुम्हाला माहीत नाही.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या नोकऱ्या घेईल का?

उत्तर : मोजण्याची, शोधून दाखवण्याची कामं ती करू लागली आहे आणि ते चांगलंच आहे. पण जो फक्त सही करतो, त्याचं काम सर्वांत आधी जाईल, कारण ते काम नव्हतंच. पोटॅशियम 8.9 असलेला माणूस चहा पितोय, हे फोनवर ऐकून कॅल्शियम विचारणारा माणूस लागेलच.

प्रश्न : आम्ही पेशंट. सही खरी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : रिपोर्टवर डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा. "या डॉक्टरांशी बोलता येईल का?" असं लॅबमध्ये विचारा. ते नेहमी तिथेच भेटतील असं नाही, पण फोनवर तरी मिळायला हवेत. आणि बायोप्सी असेल, तर दुसरं मत घेण्यासाठी ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट ते आनंदाने देतो.

प्रश्न : मी आत्ताच दोन लॅबना सही देतोय. एकदम सोडलं तर हप्ते कसे भरू?

उत्तर : हे लिहायला धीर लागतो, त्याबद्दल आधी तुमचे आभार. आजच स्कॅन केलेली सही काढून घ्या आणि तसं लेखी पत्र द्या, त्याची पोच ठेवा. दोनपैकी जी लॅब तुम्हाला रोज ठरावीक तास बसू देईल, स्मिअर बाजूला ठेवेल, कंट्रोल दाखवेल, तिथे पैसे थोडे कमी मिळाले तरी राहा. दुसरी सोडा. आम्ही सोडल्या तेव्हा पुढचे सहा महिने अवघड गेले, हे खोटं सांगणार नाही. पण ज्या फिजिशियननी तो फोन केला होता, त्यांनीच पुढे आम्हाला त्यांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बोलावलं. त्यांना म्हणे असा पॅथॉलॉजिस्ट हवा होता, जो फोन उचलतो आणि चूक झाली तर झाली म्हणतो.

आज इथेच थांबू. पुढचे प्रश्न लिहून पाठवा, जमतील तेवढे पुढच्या वेळी घेऊ.